विगच्या आत हिवाळा नसतो : थंडीत डोक्याच्या त्वचेबाबत या चुका टाळा

डिसेंबरात नाशिकला सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी दोनला पंखा लावावासा वाटतो. शेजारच्या निफाडचा पारा तर एखाद्या वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो. बाहेर अशी कोरडी थंडी असताना विगच्या आत मात्र डोक्याला लागून घालायची पातळ कॅप, त्यावर केस, त्यावर स्कार्फ आणि बस पकडायला धावताना आलेला घाम! चाई पडल्यापासून नऊ हिवाळे मी विगमध्ये काढलेत. पहिले दोन फुकट गेले, कारण बाहेरच्या थंडीकडे बघून मी आतल्या त्वचेवर उपाय करत होते.

सुटतंय म्हणून तेल थापणं

पहिल्याच हिवाळ्यात डोक्यावरून पांढरं काहीतरी सुटायला लागलं. आईने बाटलीत थिजलेलं खोबरेल वाटीत काढून कोमट केलं. "अगं, थंडीनं कातडी फुटतेय, रात्रभर जिरू दे." रोज रात्री तेल, रोज सकाळी त्यावरच विग. पंधरा दिवसांनी कॅप उलटी करून पाहिली, तर आतून पिवळट, मेणचट पापुद्रे चिकटलेले आणि खवट तेलाचा वास. त्वचेच्या डॉक्टरांनी कानामागे एकदा बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, हा कोरडेपणा नाही, कोंडा आहे. तेल आजपासून बंद."

कोंड्यामागे बहुतेकदा मालासेझिया नावाची बुरशी असते. ती सगळ्यांच्याच डोक्यावर राहते. तेलातली मेदाम्लं हे तिचं खाणं, आणि विगखालची ऊब व दमटपणा तिला मानवतो. म्हणजे मी रोज रात्री तिला जेवायला वाढत होते आणि सकाळी वर पांघरूण घालत होते.

मग ओळखायचं कसं? कोरडेपणाचे कण बारीक, भुरभुरीत असतात, त्वचा ताणल्यासारखी वाटते आणि सोबत नडग्या, कोपरंही पांढरी पडलेली असतात. कोंडा तेलकट, पिवळसर. तो भुवयांत, नाकाच्या कडेला, कानामागेही दिसतो. जाड, चंदेरी खपल्या कपाळावर उतरल्या असतील, कोपर-गुडघ्यांवरही तसेच चट्टे असतील, तर सोरायसिस असू शकतो. त्यावर घरी प्रयोग करू नयेत. केसांच्या मुळाशी पू असलेल्या बारीक पुळ्या हे आणखी वेगळं दुखणं.

कोंड्यासाठी साधारणपणे कीटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे सांगतात. लावून लगेच धुतला तर उपयोग नाही, तीन ते पाच मिनिटं राहू द्यावा लागतो. केस नाहीत म्हणून मी आधी साबणाचीच वडी डोक्यावर फिरवायचे. तेही चूकच, कारण साबण अल्कधर्मी असतो आणि त्वचा किंचित आम्लधर्मी. नुसता कोरडेपणा असेल, तर रात्री विग उतरवल्यावर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर पातळ लावावं. सकाळी विग चढवताना काहीही लावू नये. कॅप घसरते आणि विग चिकटवायची टेपही धरत नाही.

कडकडीत पाणी आणि ओलं डोकं

गीझरचं पाणी अंगाला कितीही बरं वाटलं, तरी डोक्यावर कोमटच घ्यावं. ज्यांचे थोडे केस शिल्लक आहेत त्यांनी ते मुळापर्यंत वाळवल्याशिवाय विग घालू नये. सकाळच्या घाईत "वरून वाळलेत की" म्हणून कॅप चढवली, तर आतली ओल संध्याकाळपर्यंत तशीच राहते. कॅपचंही तेच. थंडीत घाम दिसत नाही म्हणून एकच कॅप आठवडाभर चालवणारे मी पाहिलेत. त्यात मीही होते. तीन-चार कॅप ठेवा, रोज बदला, रोज धुवा. नायलॉनपेक्षा सुती किंवा बांबूच्या धाग्याची कॅप घाम टिपते.

पॅचचं सर्व्हिसिंग पुढे ढकलणं

हे खास पुरुषांसाठी. टेपवर किंवा गोंदावर बसवलेला हेअर पॅच, म्हणजे टक्कल झाकायचा केसांचा तुकडा, उन्हाळ्यात घामाने सुटतो, म्हणून तीन-चार आठवड्यांनी सर्व्हिसिंगला, म्हणजे तो काढून, साफ करून पुन्हा बसवून घ्यायला जाणं होतंच. थंडीत तो घट्ट बसून राहतो, मग "चाललंय ना" म्हणत दीड महिना निघतो. खाली मात्र मृत त्वचा, तेल आणि जुना गोंद यांचा थर साठत जातो. ओढून काढायचा मोह तर अजिबात नको. आधीच कोरडी झालेली त्वचा टेपबरोबर सोलून येते. कडेने गोंद सोडवणारा रिमूव्हर सोडा, काही मिनिटं थांबा, पॅच सहज सुटला तरच उचला.

लाली नेमकी टेपच्या पट्टीच्या आकारात उठली असेल, तर दोष थंडीचा नाही. टेपमधल्या किंवा गोंदातल्या अॅक्रिलेट या चिकट रसायनाची अॅलर्जी असू शकते. नवी टेप आणली की तिचा छोटा तुकडा दंडाच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहावा. क्लिपांवर विग धरणाऱ्या बायकांनी कानशिलाजवळचे केस विरळ होताहेत का ते बघावं. रोज त्याच जागी क्लिप ओढत राहिली, तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात.

वरून लोकरीची टोपी

लोकरीच्या घासण्याने मानेजवळच्या सिंथेटिक केसांचा गुंता होतो, पण तो त्रास विगचा. डोक्याचा त्रास असा, की टोपी ओढली की विगही मागे-पुढे सरकतो आणि आतली शिवण त्याच एका जागी घासत राहते. माझ्या कपाळाच्या कडेला अशी एक लाल रेघ पूर्ण जानेवारी होती. आधी मऊ साटिनचा रुमाल, मग टोपी, एवढ्याने ती गेली. हेल्मेटलाही हाच रुमाल चालतो. आणि हेल्मेटचं अस्तर निघत असेल तर तेही धुवा, नाहीतर धुतलेली कॅप पुन्हा त्याच घामात!

घरी आल्यावर विग काढायला बऱ्याच जणी लाजतात. रात्री तरी तो उतरवाच. उघड्या डोक्याला थंडी फार बोचते, केस नसले की ऊब धरून ठेवायला काहीच नसतं. साधी सैल सुती टोपी घालून झोपावं.

केमो चालू असताना सगळ्यांचे सल्ले ऐकणं

केस जाणारी औषधं असतील, तर पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. त्या दिवसांत टाळू नुसत्या उशीनेही दुखते. तेव्हा कोंड्याचा औषधी शाम्पू, कांद्याचा रस, शेजारणीचं आयुर्वेदिक तेल, काहीही ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. विग टोचत असेल तर तो काही दिवस डब्यात राहिला म्हणून बिघडत नाही. डोक्यावर पू दिसला, किंवा ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर "थंडीचा असेल" म्हणून क्रोसिन घेऊन झोपू नका. केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना त्याच दिवशी, रात्र असली तरी रुग्णालय गाठायचं असतं.

शेकोटी

सिंथेटिक विगवाल्यांनी कुकरची वाफ आणि ओव्हनचं दार सांभाळावं, हे मला माहीत होतं. हुरड्याची आगटी मात्र लक्षातच आली नाही. दोन वर्षांपूर्वी शेतावर कणीस काढायला वाकले आणि कपाळावरच्या बटा आखडून त्यांच्या टोकांना बारीक, कडक मणी झाले. तेच मणी दिवसभर कपाळाला टोचत राहिले, शेवटी जाऊबाईंनी नखं कापायच्या कात्रीने एकेक छाटले.

यंदा विग गाडीतच ठेवला आणि सुती टोपी घालून आगटीशी बसले. जाऊबाईंची पाच वर्षांची लेक बराच वेळ बघत होती.

"काकू, तुझे केस कुठेत?"

"गाडीत," म्हटलं, आणि तिच्या हातावर गरम हुरडा ठेवला.