नागपूरच्या महाल भागातला गांधी गेट नीट कसा बघायचा

गांधी गेट म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, नागपूरच्या तटातला. गोंड राजा चांद सुलतानच्या काळात शहराभोवती भिंत झाली, तट गेला पण हा उरला. कॉटन मार्केट मेट्रोला उतरून ऑटो करा, गाडी नकोच, महालात पार्किंगचे हाल आहेत. सकाळी लवकर जा कारण नंतर ट्रॅफिकमध्ये मान वर करून दगडकाम बघताच येत नाही, आणि खरं बघायचं तेच आहे. कमान दोन्ही बाजूंनी बघा, दगडावर काही लिहू-चिकटवू नका प्लीज, एवढंच तर वाचलंय आपल्याकडे. जवळच शिवाजी महाराजांचा पुतळा. मग शुक्रवारी तलावावर नक्की जा, तोही चांद सुलतानच्याच काळातला.