अपूर्णांकांचा भागाकार: भाजक उलटण्याआधी या चुका टाळा

‘भाजक उलटा करायचा आणि गुणायचं’ हे सहावीतली मुलं घडाघडा म्हणतात. का उलटायचा, असं विचारलं की गप्प होतात. नियमात काही खोट नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त तोच दिलाय: भाजकाच्या अंश-छेदांची अदलाबदल करावी आणि मग गुणावं. पण कारण न कळता तो पाठ करून घेतला, की पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

कोकणातल्या घरात हे कारण मे महिन्यात हाताशीच असतं. समजा, कोकमाचं पाच लीटर आगळ (खारवलेला रस) कॅनमध्ये तयार आहे आणि भरायला पाऊण लीटरच्या बाटल्या आहेत. बाटल्या किती लागतील? म्हणजे ५ ÷ ३/४. आता लीटर बाजूला ठेवा आणि पाव लीटरचं माप हातात घ्या. एका लीटरात अशी चार मापं, म्हणून पाच लीटरांत ५ × ४ = २०. एका बाटलीत मापं जातात तीन. म्हणून २० ÷ ३. चारने गुणलं, तीनने भागलं. एकत्र लिहिलं तर ५ × ४/३. भाजक उलटला तो असा. छेदावरून कळतं की एका लीटरात मापं किती, अंशावरून कळतं की एका बाटलीत किती.

उत्तर आलं ६ २/३, आणि खरा गोंधळ इथे होतो. सहा बाटल्यांत साडेचार लीटर गेलं, कॅनमध्ये अर्धा लीटर उरलं. मग उत्तर ६ १/२ का नाही? मुलाने हे विचारलं तर ‘नियमाने तसंच येतं’ म्हणून त्याला गप्प करू नका, फार चांगला प्रश्न आहे तो. उरलेलं अर्धा लीटर म्हणजे दोन मापं. बाटली भरायला लागतात तीन. म्हणजे सातवी बाटली दोन तृतीयांश भरली. १/२ हा लीटरचा भाग, २/३ हा बाटलीचा, आणि आपण विचारलं होतं बाटल्या किती. जमलं तर बाटली समोर ठेवून तिच्यावर खुणा करून दाखवा. वहीत दहा गणितं सोडवून जे कळत नाही ते इथे कळतं.

‘भागलं की संख्या कमी होते’ हा पूर्ण संख्यांमुळे झालेला समज. बाटली लीटरपेक्षा लहान, म्हणून बाटल्या पाचापेक्षा जास्त. पण उलट टोकालाही जाऊ नका: बाटली दीड लीटरची असती तर ५ ÷ ३/२ = ३ १/३, कमीच. भाजक एकापेक्षा लहान की मोठा, हे आधी पाहायचं.

१० चं अर्धं ५. १० ला १/२ ने भागलं तर २०. या दोन्हींची गल्लत मोठी माणसंही करतात.

भागाकाराचा ‘किती वेळा मावतं’ हा बाटल्यांच्या हिशेबातला अर्थ सगळीकडे लागू पडत नाही, तिथे मुलं अडतात. बंदरावर बायका मिळून पाऊण तासात सहा किलो कोळंबी सोलतात, तर तासाला किती? ६ ÷ ३/४. इथे आधी तीनने भागा: पाव तासात दोन किलो. तासात पाव तास चार, म्हणून आठ किलो. क्रम बदलला, पण ३ ने भागणं आणि ४ ने गुणणं तेच राहिलं.

राहिल्या हाताच्या चुका. भाजकाऐवजी भाज्य उलटला, तर १/५ × ३/४ = ३/२०; पाच लीटर आगळाला पाव बाटलीसुद्धा लागत नाही असं उत्तर! दोन्ही उलटले, तरी चूकच. भागाकाराचं चिन्ह असतानाच काटाकाट करू नये; आधी गुणाकार मांडावा, मग काटावं. पूर्णांकयुक्त अपूर्णांक तसाच उलटता येत नाही: २ १/३ चे आधी ७/३ करा, मग ३/७. आणि उत्तराला भाजकाने गुणून पाहा: २०/३ × ३/४ = ५, कॅनमधलं सगळं आगळ हिशेबात आलं.