दूध संस्थेच्या ॲपमधील संदेशांत आकडे कसे मांडावेत

कोल्हापूर जिल्ह्यातील दूध उत्पादक संस्थेच्या ॲपवरचा संदेश सभासद उघडतो तो लिटर, फॅट आणि बिलाची रक्कम पाहण्यासाठी. बाकीच्या मजकुरावरून त्याची नजर नुसती फिरते. म्हणून संदेशाचा साचा लिहिण्याआधी त्यातील प्रत्येक आकडा मोजमापाचा आहे की ओळखीचा, हे ठरवून घ्यावे. सभासद क्रमांक, पावती क्रमांक, ओटीपी आणि वर्ष हे ओळखीचे आकडे होत. ते संख्या म्हणून साच्यात दिले, तर सभासद १०४२ चा १,०४२ होतो आणि सन २०२५ चे २,०२५. ते मजकूर म्हणूनच द्यावेत.

मोजमापाच्या आकड्यांसाठी लोकेल (भाषा व प्रदेशाची निवड) मराठी-भारत ठेवून युनिकोडच्या आयसीयू संचातील नंबरफॉरमॅट हे आकडे मांडण्याचे साधन वापरावे, म्हणजे स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, १,२३,४५६ असे पडतात. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या स्ट्रिंग फॉरमॅटमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढे स्वल्पविराम लिहून काम भागवण्याची सवय अनेकांना असते, पण ती पद्धत तीन-तीन अंकांचेच गट पाडते आणि तीच रक्कम १२३,४५६ अशी परकी दिसते. युनिकोडच्या सीएलडीआर या भाषावार लेखनपद्धतींच्या माहितीसाठ्यात मराठीचे मूळ अंक देवनागरी असल्याने या लोकेलमध्ये तेच अंक येतात. संकलन केंद्रावरच्या यंत्राची छापील पावती इंग्रजी अंकांत असेल, तर पडताळणी सोपी जावी म्हणून लोकेलला ‘यू-एनयू-लॅटन’ (u-nu-latn) हे शेपूट जोडावे. गट भारतीयच राहतात, फक्त अंक बदलतात. सर्व्हरकडे जाणारे आकडे मात्र या लोकेलनुसार कधीच मांडू नयेत.

सर्वांत जास्त वाद फॅटवरून होतात. जावातील नंबरफॉरमॅट नेमका अर्धा उरला की जवळच्या सम अंकाकडे झुकतो: एकाच दशांश स्थळापर्यंत ६.७५ चे ६.८ होतात, पण ६.२५ चे ६.२. हा हिशेब गणिताला धरून असला तरी सभासदाला तो पटवून देणे अवघड आहे. दरपत्रकात जितकी दशांश स्थळे आहेत तितकीच दाखवावीत आणि पूर्णांकनाचा नियम स्वतः नेमून द्यावा. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून साठवावी व नेहमी दोन स्थळांसह, ४५०.५० अशी दाखवावी.

आकड्याला थेट ‘ला’, ‘चे’ असे प्रत्यय चिकटवू नयेत, ‘४५०.५० रुपयांचे बिल’ अशी रचना ठेवावी. अनेकवचनाच्या फांद्यांत, म्हणजे संख्येनुसार निवडल्या जाणाऱ्या पर्यायी साच्यांत, नुसते नाम न बदलता पूर्ण वाक्य लिहावे, कारण ‘१ पावती जमा झाली’ आणि ‘३ पावत्या जमा झाल्या’ यांत क्रियापदही बदलते. शून्यासाठी ‘आज एकही पावती नाही’ अशी स्वतंत्र फांदी ठेवावी.

पशुखाद्याची कपात बिलापेक्षा जास्त झाली, तर रक्कम उणे होते. लहान पडद्यावर उणे चिन्ह साध्या संयोगचिन्हासारखे दिसते आणि देणे हे येणे समजले जाते. त्यामुळे तेथे चिन्ह न वापरता ‘संस्थेस देणे: २५०.०० रुपये’ असा वेगळा साचा करावा.