रिॲक्शन व्हिडिओ करताना ‘पॉज’ कुठे दाबावा

दुसऱ्याचा व्हिडिओ लावायचा, कोपऱ्यात आपला चेहरा ठेवायचा आणि अधूनमधून डोळे विस्फारायचे, एवढ्यावर रिॲक्शन व्हिडिओ होतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. अशा व्हिडिओत प्रेक्षकाला मूळ व्हिडिओच दिसतो, तोही लहान चौकटीत आणि कोणाच्या तरी हसण्याचा व्यत्यय सोसत. मग त्याने मूळ व्हिडिओच का पाहू नये, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे असेल त्यानेच कॅमेरा सुरू करावा. माझ्या अनुभवात ते उत्तर एका बटणात असते. तुम्ही व्हिडिओ नेमका कुठे थांबवता आणि थांबवल्यावर काय सांगता, यावरच प्रेक्षक तुमच्याकडे राहणार की मूळ व्हिडिओकडे जाणार, हे ठरते.

मी माझ्या लहानशा चॅनेलवर स्वयंपाकाच्या व्हिडिओंवर रिॲक्शन करते आणि बहुतेक वेळा मावशीला शेजारी बसवते. त्यामुळे पुढची उदाहरणे स्वयंपाकघरातली आहेत. पायऱ्या मात्र चित्रपटाचा ट्रेलर, गाणे किंवा जुनी जाहिरात यांनाही तशाच लागू पडतात.

विषय कसा निवडावा

ज्या गोष्टीबद्दल तुम्हाला प्रेक्षकापेक्षा चार गोष्टी अधिक माहीत आहेत, तीच निवडावी. घाटात एसटी चालवणाऱ्या माणसाने चित्रपटातील पाठलाग पाहावा, रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेने मालिकेतील शस्त्रक्रियेचे दृश्य पाहावे, ढोलकी वाजवणाऱ्याने पडद्यावरच्या ढोलकीवाल्याचे हात पाहावेत. अशा माणसाला कृत्रिम आश्चर्य दाखवावे लागत नाही, कारण त्याला खरोखरच काहीतरी खटकते किंवा आवडते. मूळ व्हिडिओ शक्यतो दोन ते आठ मिनिटांचा असावा, कारण त्याहून मोठा घेतल्यास प्रत्येक भागाला न्याय देण्याच्या नादात आपलाच व्हिडिओ तासाभराचा होतो.

अपघाताची किंवा भांडणाची दृश्ये, लहान मुलांचे घरगुती व्हिडिओ आणि ज्याला प्रसिद्धी नको होती अशा खासगी माणसाची फजिती यांना हात लावू नये. क्रिकेटच्या थेट सामन्याचे चित्रणही दाखवू नये, कारण प्रक्षेपणाचे हक्क घेतलेल्या कंपन्या त्याबाबत फार जागरूक असतात. सामन्यावर बोलायचेच असेल, तर चित्रण न दाखवता फक्त आपला चेहरा आणि धावफलक ठेवून बोलता येते.

हक्कांचा विचार रेकॉर्डिंगच्या आधी करावा

‘सात सेकंद चालतात’, ‘तीस सेकंदांपर्यंत काही होत नाही’ अशा गोष्टी सर्रास सांगितल्या जातात. भारताच्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या अधिनियमात, सेकंदांची अशी कोणतीही सूट नाही. कलम ५२ मध्ये टीका किंवा समीक्षण यांसाठी केलेल्या उचित वापराला मुभा आहे. वापर उचित आहे की नाही, हे किती घेतले, कशासाठी घेतले आणि त्यामुळे मूळ कृतीची जागा घेतली जाते का, अशा मुद्द्यांवरून ठरते. व्हिडिओखाली ‘कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू नाही’ असे लिहिल्याने काहीही साध्य होत नाही. चित्र आरशासारखे उलटे करणे किंवा गाण्याचा सूर थोडा चढवणे हे तर चोरी झाकण्याचेच प्रकार आहेत.

या बाबतीत २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात लागलेला निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. एथन आणि हिला क्लाइन या यूट्यूबर दांपत्याने पाच मिनिटे चोवीस सेकंदांच्या एका व्हिडिओतील सुमारे सव्वातीन मिनिटे घेऊन, त्यांत वारंवार थांबून, जवळपास चौदा मिनिटांचा टीकात्मक व्हिडिओ केला होता. मूळ निर्मात्याने दावा लावला आणि न्यायालयाने निकाल क्लाइन यांच्या बाजूने दिला. त्याच निकालात हेही स्पष्ट केले होते की, सगळ्याच रिॲक्शन व्हिडिओंना हे लागू होणार नाही, कारण काही व्हिडिओ म्हणजे टिप्पणी न करता नुसते एकत्र बसून पाहणे असते. अमेरिकी निकाल भारतात बंधनकारक नाही हे खरे, पण मी त्यातले प्रमाण मोजपट्टी म्हणून वापरते. मूळ चित्रण एक मिनिट असेल, तर माझे बोलणे निदान तीन मिनिटे असावे.

यूट्यूबवर ‘क्लेम’ (हक्काचा दावा) आणि ‘स्ट्राइक’ (चॅनेलला दिलेली ताकीद) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंटेंट आयडी ही यंत्रणा तुमच्या व्हिडिओतील चित्र आणि आवाज हक्कधारकांनी दिलेल्या नमुन्यांशी ताडून पाहते. जुळणी आढळल्यास क्लेम लागतो, जाहिरातीचे पैसे हक्कधारकाकडे जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो. हक्कधारकाने कायदेशीर विनंती करून व्हिडिओ काढायला लावला, तर स्ट्राइक मिळते आणि ९० दिवसांत अशा तीन स्ट्राइक झाल्या तर चॅनेल बंद होऊ शकते. गाणी सर्वांत लवकर पकडली जातात, म्हणून गाणे सलग न वाजवता एकेका ओळीवर थांबावे. आणखी एक अट बहुतेकांना उशिरा कळते. जाहिरातीच्या उत्पन्नासाठी लागणारे १००० सबस्क्रायबर झाले आणि वर्षभरात ४००० तास पाहिले गेले तरी स्वतःची ठोस भर नसलेल्या, दुसऱ्याच्या सामग्रीवर उभ्या असलेल्या चॅनेलला यूट्यूब जाहिरातीचे उत्पन्न नाकारू शकते. त्यासाठी मूळ मालकाची परवानगी असणेही पुरेसे ठरत नाही.

मांडणी आणि साधने

महागडा कॅमेरा नसला तरी चालतो, पण आवाज वाईट असला तर प्रेक्षक थांबत नाही. माझा पहिला व्हिडिओ मी लॅपटॉपच्या स्पीकरवर मूळ आवाज लावून रेकॉर्ड केला. बावीस मिनिटांचे ते रेकॉर्डिंग फुकट गेले, कारण स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरला आणि एडिटिंगमध्ये मूळ आवाज जोडल्यावर प्रत्येक शब्द विहिरीत बोलल्यासारखा दोनदा ऐकू येऊ लागला. एकदा मिसळलेला आवाज वेगळा करणे जवळपास अशक्य असते. त्यामुळे बसलेल्या प्रत्येकाने इअरफोन घालावेत, साधा कॉलरचा माइक लावावा, पंखा बंद ठेवावा आणि कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळावी.

संगणकावर रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. त्यात माइकचा आवाज आणि संगणकाचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यावा. फाइल एमपी४ ऐवजी एमकेव्ही प्रकारात साठवावी. मध्येच वीज गेली तर अर्धवट राहिलेली साधी एमपी४ फाइल अनेकदा उघडतच नाही, एमकेव्ही मात्र तोपर्यंतचे रेकॉर्डिंग जपून ठेवते. जिथे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, तिथे एवढी एक सेटिंग दिवसभराचे काम वाचवते.

चेहरा मोबाइलवर चित्रित करत असाल तर आणखी एक अडचण येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि चित्रात काळसर पट्टे सरकताना दिसतात. मोबाइल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग स्वतः ठरवता येते) शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर आणि फ्रेमचा वेग सेकंदाला २५ वर ठेवला की पट्टे जातात. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक जोरदार टाळी वाजवावी, म्हणजे एडिटिंगमध्ये त्या टाळीवरून चित्र आणि आवाज जुळवता येतात.

पाहण्याची खिडकी कॅमेऱ्याच्या लगेच खाली ठेवावी, नाहीतर तुम्ही सतत दुसरीकडे पाहत असल्यासारखे दिसता. चष्मा असेल तर दिवा डोक्यापेक्षा वर आणि थोडा बाजूला ठेवावा, म्हणजे काचेत पडद्याची किंवा दिव्याची चमक दिसत नाही.

रेकॉर्डिंग : पहिले पाहणे एकदाच मिळते

इथे एक पेच आहे. कुठे थांबायचे हे कळण्यासाठी व्हिडिओ आधी पाहिलेला हवा आणि प्रतिक्रिया खरी हवी असेल तर तो आधी पाहिलेला नको. परदेशातील एका तरुणीने केलेल्या पुरणपोळीचा व्हिडिओ मी मावशीला आदल्या दिवशी दाखवण्याची चूक केली. तेव्हा ती दहा मिनिटे तावातावाने बोलली. दुसऱ्या दिवशी कॅमेरा सुरू झाल्यावर मात्र पदर सावरून एवढेच म्हणाली, “छान केलंय हो पोरीनं.”

आता मी तीन फेऱ्या करते. पहिली फेरी कोणीही काहीही न पाहता थेट रेकॉर्ड करायची. कीबोर्डची स्पेस पट्टी हाताशी ठेवायची आणि ज्याला बोलावेसे वाटेल त्याने ती दाबायची. शांतता झाली तरी घाबरून ती भरायची नाही. दुसऱ्या फेरीत रेकॉर्डिंग न करता वही घेऊन बसायचे आणि पहिल्या वेळी काय निसटले, कोणत्या गोष्टीची माहिती तपासायला हवी, हे वेळेसह टिपायचे. तिसऱ्या फेरीत फक्त तेवढे तुकडे स्वतंत्रपणे रेकॉर्ड करायचे आणि प्रेक्षकाला सरळ सांगायचे की, हे दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आले. दुसऱ्यांदा पाहताना पहिल्यांदा चकित झाल्याचे सोंग कोणी केले, तर प्रेक्षकाला ते लगेच ओळखू येते.

मावशीच्या दुसऱ्या व्हिडिओत हे नीट जमले. पडद्यावरील तरुणी कढईतले डाळ-गुळाचे मिश्रण डावाने वर घेत होती, ते सैलपणे ओघळत होते आणि ‘झाले’ म्हणून तिने गॅस बंद केला. मावशीने माझ्या हाताखालून बोट घालून व्हिडिओ थांबवला, इअरफोन काढून ती उठून गेली आणि आमच्या स्वयंपाकघरातून उलथने घेऊन आली. “अगं, पुरण अजून पळतंय. हे उलथनं मधोमध उभं राहिल्याशिवाय पुरण खाली उतरवायचं नाही, नाहीतर पोळी लाटताना फुटणारच.” मग व्हिडिओ पुढे सुरू केला आणि दीड मिनिटाने पोळी खरोखरच पोळपाटावर फुटली. थांबण्याची जागा म्हणतात ती ही. पुढे काय होणार हे जाणकाराला आधी दिसते, तो तिथे थांबून कारण सांगतो आणि मग पुढचे दृश्य त्याला दुजोरा देते किंवा खोटे पाडते. दोन्ही प्रकारांत प्रेक्षक शेवटपर्यंत बसतो.

त्या तरुणीच्या प्रयत्नांची टिंगल होणार नाही, याकडे मात्र लक्ष द्यावे लागते. तिने डाळ नीट शिजवली होती आणि वेलची-जायफळही बेताने घातले होते, हेही मावशीने सांगितले आणि मी ते कापले नाही.

एडिटिंग

बोलणे सुरू असताना मूळ आवाज १२ ते १५ डेसिबलने खाली आणावा. चेहरा सतत त्याच कोपऱ्यात त्याच आकारात ठेवण्याचे कारण नाही. व्हिडिओ चालू असताना तो लहान ठेवावा आणि थांबवल्यावर पूर्ण पडद्यावर आणावा. मूळ व्हिडिओतील उपशीर्षके झाकली जाणार नाहीत हे पाहावे. जिथे तुम्ही नुसती मान डोलावली आहे, तो मूळ व्हिडिओचा भाग निर्दयपणे कापावा, कारण तो तुमच्या कामाचा नाही आणि हक्कांच्या दृष्टीने धोक्याचाही आहे. ‘नमस्कार मंडळी, चॅनेलवर स्वागत’ हे दहा सेकंदांत आटपावे.

एकदा संपूर्ण व्हिडिओ मोबाइलवर, कमी उजेडात, साध्या इअरफोनवर पाहावा. बहुतेक प्रेक्षक तसाच पाहणार असतात.

प्रसिद्ध करताना

थंबनेल, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारे चित्र, १२८० बाय ७२० पिक्सेलचे करावे, त्यावर तीन-चार शब्दांहून अधिक लिहू नये आणि उजवा खालचा कोपरा मोकळा सोडावा, कारण तिथे व्हिडिओचा कालावधी दिसतो. शीर्षकात जे वचन दिले ते व्हिडिओत असलेच पाहिजे. मूळ व्हिडिओचा दुवा आणि निर्मात्याचे नाव वर्णनात पहिल्याच ओळीत द्यावे.

आठवडाभराने यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रेक्षक कुठे टिकले आणि कुठे गळाले याचा आलेख पाहावा. आमच्या व्हिडिओत पहिल्या चाळीस सेकंदांत, म्हणजे मी पुरणपोळीची महती सांगत होते तिथे, रेषा घसरली होती आणि उलथन्याच्या जागी तिला उंचवटा आला होता, म्हणजे लोकांनी तो भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला होता. त्यामुळे आता सुरुवात अशाच एखाद्या क्षणाच्या आठ-दहा सेकंदांनी करते आणि महती गाळून टाकते. खाली आलेल्या प्रतिक्रियाही वाचाव्यात, कारण गूळ की साखर यावरून जुंपलेल्या वादात खानदेशातील कोणीतरी खापरावरच्या मांड्यांचा विषय काढला आणि पुढचा मूळ व्हिडिओ आपसूक सापडला. तो मी मावशीला अजून दाखवलेला नाही.