जंगलपट्टीत नवीन आलात? सरपणातला छोटा विंचू ओळखायला शिका

यंदा बदलीने किंवा नवीन नोकरीवर गडचिरोलीकडे आलेल्यांसाठी लिहितोय, मग शिक्षक असा, सिस्टर असा नाहीतर वनरक्षक. मी मूळचा रत्नागिरीकडचा, इकडे जंगलाला लागून असलेल्या गावात पंधरा वर्षं झाली. घरचे फोनवर वाघाचं विचारतात, तो मला इतक्या वर्षांत दोनदा लांबून दिसला, विंचू मात्र दर पावसाळ्यात घरात.

काळी इंगळी सगळ्यांनाच कळते. वीतभर नसली तरी चांगली मोठी, जाडजूड चिमटे, बघूनच माणूस मागे सरतो. तिचा डंख दुखतो खूप, पण जिवावर सहसा बेतत नाही. गडबड होते ती छोट्या विंचवाच्या बाबतीत, कारण लोक त्याला इंगळीचं पिल्लू समजून सोडून देतात, मीपण तसंच समजलो होतो. पहिल्याच वर्षी जुलैमध्ये चार दिवस झड लागली होती, चुलीसाठी ओट्यावरचं सरपण उचललं आणि लाकडाच्या खालच्या अंगाला चिकटलेला विंचू बोटाला डसला. करंगळीच्या दोन पेरांएवढाच होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "इचूचं पिल्लू हाये गुर्जी, काई होत नाई." पहाटेपर्यंत कोपरापर्यंत ठणका, झोपेचं नावच नाही.

नंतर तसलाच एक बरणीत धरून शाळेच्या भिंगातून बघितला. पिवळट अंगावर तपकिरी ठिपकेच ठिपके, सागाच्या सालीवर ठेवला तर दिसणारच नाही असा, चिमटे काडीसारखे बारीक, आणि नांगीच्या अगदी खाली अजून एक बारकासा काटा. हा सालीतला विंचू, शास्त्रीय नाव लायकस, याच्या बऱ्याच जाती आहेत आणि पूर्ण वाढ झाली तरी बहुतेक तीन-चार सेंटिमीटरचेच राहतात. म्हणजे तो पिल्लू नव्हताच! विंचवाची खरी पिल्लं पांढरी असतात, पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवरच बसून असतात, आणि इंगळीचं पिल्लू वेगळं झालं तरी त्याचे चिमटे तेव्हापासूनच जाड असतात. म्हणून आधी चिमटे बघा, रंग नंतर.

आता बारीक चिमटे दिसले की लगेच सालीतलाच म्हणून निवांत बसू नका, कारण लाल विंचवाचेही चिमटे बारीकच असतात, आणि आपल्याकडे जीव घेणारा तोच. मोठा झालेला लाल विंचू पाच ते नऊ सेंटिमीटर, लालसर तपकिरी किंवा नारिंगी, शेपटी चिमट्यांपेक्षा ठळक जाड, नांगीखाली तो दुसरा काटा नाही. पण त्याचं लहान पोर अंधारात, घाईत, सालीतल्या विंचवापासून वेगळं ओळखणं मला आजही जमत नाही, तुम्हालाही जमेल असं धरू नका. डसला की प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं, गाडी नसेल तर १०८, आणि लेकरू असेल तर एक मिनिट घालवायचा नाही. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, छाती धडधडणं, दम लागणं ही लाल विंचवाची लक्षणं, आणि दुखणं कमी असून घाम जास्त असेल तर जास्तच सावध व्हा. आमच्या कोकणात यानं किती तरी पोरं जायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या गोळीचा उपचार बसवला तेव्हा फरक पडला, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी डॉक्टरच देतील, स्वतःच्या मनाने नको. गावात कोणी झाडायला बोलावतील, त्यांचा राग करू नका, माया असते त्यामागे, पण आधी गाडीत बसा. कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही.

जुन्या पुस्तकात किंवा सालीखाली तिळाएवढा, चिमटेवाला पण शेपटीच नसलेला किडा दिसेल, तो विंचू नाही, त्याला राहू द्या.

घरात बघायच्या जागा म्हणजे कवेलूच्या सांदी, सरपण, पऱ्हाट्यांचा भारा, गोवऱ्या, दाराबाहेरची चप्पल, दोरीवर रात्रभर राहिलेला टॉवेल. मोहफुलं वेचायला नाहीतर तेंदूपत्त्याला पहाटे लोकांबरोबर जाल तर पाचोळ्यात थेट हात घालू नका, काडीने सरकवा. लाकूड उचलताना आधी पायाने उलटं करा, हे विंचू खालच्या बाजूला लटकून असतात आणि आपली बोटं नेमकी तिथेच जातात.

आणि नोटा तपासायचा जांभळा टॉर्च घ्याच. अंधारात त्याच्या उजेडात विंचू हिरवानिळा चमकतो, लांबूनही दिसतो, फक्त नुकतीच कात टाकलेला चमकत नाही. मी रोज झोपायच्या आधी भिंतीवरून आणि अंथरुणाखालून एकदा फिरवतो, दिसला तर लांब चिमट्याने डब्यात घेऊन रानात सोडतो, झुरळं खातो बिचारा. माझ्याकडे दोन टॉर्च आहेत, तुमचा येईपर्यंत एक घेऊन जा.