माइसेनची मूर्ती तपासायला जाताना

लिलावाआधी माइसेनची, म्हणजे जर्मनीतल्या या जुन्या कारखान्याची पोर्सिलेनची (चिनी मातीची) मूर्ती हाताळून पाहायला मिळते ती थोडाच वेळ, तेव्हा तयारी आदल्या दिवशीच उरकावी. दहापट भिंग, टॉर्च, अतिनील दिवा, मोजपट्टी आणि वही पिशवीत टाका. अंगठ्या आणि घड्याळ उतरवून जा. सुती हातमोजे नेऊ नका, झिलईवरून ते घसरतात; धुतलेले, कोरडे हातच बरे. मूर्ती उचलताना तिच्या हाताला किंवा फुलाच्या फांदीला धरू नका, एक तळवा बुडाखाली हवाच.

जमल्यास आधी ड्रेस्डेनच्या झ्विंगर राजवाड्यातला पोर्सिलेनचा संग्रह पाहून घ्या. १७३१ मध्ये माइसेनला आलेल्या शिल्पकार केंडलरच्या मूर्तींचे वळण एकदा डोळ्यांत बसले, की ढिसाळ बोटे आणि निर्जीव चेहरे लगेच खटकतात. पुस्तकांतल्या छायाचित्रांनी हे साधत नाही.

तळावरच्या एकमेकींना छेदणाऱ्या निळ्या तलवारी, म्हणजे माइसेनची खूण, मात्र सगळ्यात शेवटी बघा. ही खूण १७२०च्या दशकात सुरू झाली आणि तिची नक्कल पॅरिसच्या सॅमसन या नकला बनवणाऱ्या कारखान्यासकट अनेकांनी केली. त्याहून मोठी मेख वेगळीच आहे: केंडलरचे नमुने खुद्द माइसेनच्या कारखान्याने एकोणिसाव्या शतकातही काढले, आणि त्यांवरच्या तलवारी अस्सलच आहेत. म्हणजे खूण खरी ठरली तरी वय ठरत नाही. मुठींच्या मधला ठिपका साधारण १७६३ ते १७७४चा, चांदणी त्यानंतर १८१४ पर्यंतची, हे वहीत आधीच लिहून ठेवा. तलवारींवर आडव्या रेघा ओरखडलेल्या दिसल्या तर माल दुय्यम प्रतीचा, किंवा कोरा विकून बाहेर रंगवलेला असू शकतो. भावात मोठा फरक पडतो. ‘एआर’ (ऑगस्टस रेक्स) ही ऑगस्टस राजाची आद्याक्षरे दिसली तर जास्तच सावध राहा, कारण एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेनच्या एका कार्यशाळेने ती सर्रास वापरली. कोरलेला नमुना क्रमांक असेल तर उतरवून घ्या.

अतिनील दिवा अंधाऱ्या कोपऱ्यात लावा. बोटे, नाक, पानांची टोके आणि मान इथे प्रकाशाचा रंग बदलला तर डागडुजी झाली आहे असे धरून चाला.

किंमत काढायची ती विम्यासाठी की विकण्यासाठी, हे तज्ज्ञाला आधी सांगा. दोन्ही आकडे वेगळे येतात. तुलनेसाठी दुकानात मागितलेली किंमत नको, लिलावात खरोखर मिळालेले भाव घ्या. बोलीवर खरेदीदाराचे शुल्क चढते, तेही विचारून ठेवा, आणि वस्तूच्या स्थितीचा अहवाल लेखीच मागा.