रनटाइममधला कॉन्करन्सी बग सोडवताय? या चुका टाळा

"प्रिंट टाकला आणि बग गेला." हे वाक्य ऐकलं की मला अजूनही राग येतो. बग गेलेला नसतो, दडलेला असतो. भाषेचा कोड चालवणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे रनटाइममध्ये, एकाच वेळी चालणाऱ्या थ्रेडचा (कामाच्या समांतर धाग्यांचा) मेळ चुकला की होतो तो कॉन्करन्सी बग.

अंधेरीतल्या जुन्या ऑफिसात आम्ही एक छोटी स्क्रिप्टिंग भाषा सांभाळायचो. चार-सहा दिवसांतून एकदा तिचे सगळे वर्कर थ्रेड झोपलेले सापडायचे, आणि रांगेत काम तसंच पडलेलं. एका नव्या मुलाने शेड्युलरमध्ये (थ्रेडना काम वाटणाऱ्या भागात) दोन प्रिंट, म्हणजे लॉगमध्ये मजकूर छापणाऱ्या ओळी, टाकले. पंधरा दिवस शांतता. त्याने प्रिंटसकट बिल्ड पाठवून दिला. पुढे लॉगने डिस्क भरली म्हणून प्रिंट काढले आणि त्याच रात्री सगळं ठप्प. शेवटची विरार सोडून मी पहाटेपर्यंत जीडीबी (डीबगर) घेऊन बसलो.

काम देणारा थ्रेड आधी रांगेत काम टाकायचा, मग कोणी झोपलंय का बघायचा. वर्कर आधी 'मी झोपतोय' अशी खूण करायचा, मग रांग पुन्हा बघायचा. कागदावर बिनचूक. पण लिहिलेलं मूल्य प्रोसेसर कोरच्या स्टोअर बफरमध्ये, म्हणजे मेमरीत जाण्याआधीच्या तात्पुरत्या जागेत, रेंगाळतं आणि पुढचं वाचन त्याआधीच उरकतं. हे इंटेलवरही होतं. दोघांनाही जुनंच दिसलं, कोणी कोणाला उठवलं नाही. प्रिंटच्या आतलं लॉक नकळत फेन्सचं, म्हणजे आधीचं लिहिणं पुरं होईपर्यंत पुढचं वाचन अडवणाऱ्या सूचनेचं, काम करत होतं. दोन्हीकडे लिहिणं आणि वाचणं यांच्यामध्ये सीक्वेन्शिअल फेन्स घातली, तेव्हा बग खरा गेला. रिलीज-अक्वायर ही क्रमाची हलकी हमी इथे पुरत नाही.

स्लीप (थ्रेडला थोडा वेळ थांबवणारी ओळ) टाकून 'सोडवणं' ही तर शुद्ध फसवणूक. मी असा पॅच रिव्ह्यूत पुढे जाऊच देत नाही.

कंडिशन व्हेरिएबलवर (अट पुरी होईपर्यंत थ्रेडला झोपवणाऱ्या सोयीवर) वेट करताना इफ नको, व्हाइल लावा. थ्रेड उगाचही जागा होतो.

जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं लॉक) आहे म्हणून पायथनमधलं काउंटर += 1 सुरक्षित समजू नका. ते आधीही नव्हतं, आणि 2024 च्या 3.13 पासून जीआयएलशिवायचा बिल्डही मिळतो.

थ्रेडसॅनिटायझर हे डेटा रेस (दोन थ्रेडनी एकच डेटा बेशिस्त वापरणं) शोधणारं साधन. तो प्रोग्राम 5 ते 15 पट मंदावतो, म्हणून घाईतली मंडळी तो लावतच नाहीत. लावा. पण तो गप्प बसला म्हणून निर्धास्त होऊ नका. आमची व्हेरिएबल्स अ‍ॅटॉमिक होती, म्हणजे एका झटक्यात वाचली-लिहिली जाणारी, त्यामुळे त्याच्या लेखी डेटा रेस नव्हतीच. चुकला होता तो क्रम.

दुरुस्तीनंतर मी आधी फेन्स काढून बग परत येतो का ते बघतो. मगच ती पुन्हा घालून, कोरच्या दुप्पट थ्रेडवर स्ट्रेस टेस्ट लावून घरी जातो.